देवाने नेमलेलं दुकान

सासरी आल्यावर आठ दिवसांत मला कळलं, की या घरात सासूबाईंचा शब्द चालतो, पण त्याहून जास्त त्यांची पाठ चालते.

पाठ म्हणजे खरोखरचीच पाठ. उन्हाने रापलेली, माडासारखी सरळ. ती फिरवली की भलेभले नमत. सासूबाईंनी आयुष्यात कमावलेली इस्टेट म्हणाल तर तेवढीच.

आमचं घर मालवणच्या किनाऱ्याला, खाडीच्या तोंडाशी. नवे पैसे नुकतेच आले होते, पण माणसं अजून आण्यांतच बोलायची आणि शेरा-पायलीनेच मोजायची. नवरा मुंबईला गिरणीत. गणपतीला यायचा तेव्हा पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांना पाहुण्यासारखे वागवत असू, आणि ओळख पटेपर्यंत त्याची रजा संपायची. सासरे एकेकाळी मालाच्या गलबतावर खलाशांचे म्होरके, तांडेल होते. गुडघ्यांनी दगा दिल्यावर पडवीत बसून जाळी विणायला लागले. म्हणजे घरात माणसं तीन आणि शेताचा तुकडा एवढासा, की त्यातला तांदूळ चार महिने पुरायचा. उरलेले आठ महिने दुकानाच्या तोंडाकडे बघायचं.

सासूबाईंची विद्या मी प्रथम किनाऱ्यावर पाहिली. सकाळी मासेवाल्या बायका वाळूत पाट्या मांडून बसायच्या आणि बांगड्यांचे वाटे लावायच्या. सासूबाई भाव विचारायच्या, मग ऐकलेल्या भावाच्या निम्मा सांगायच्या. मासेवाली त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "ऱ्हवांदे तर," आणि पाठ फिरवायच्या.

इथून पुढे सगळं शास्त्र. पावलं भरभर टाकायची नाहीत, रेंगाळायचंही नाही. मागे बघायचं नाही, मेलं तरी नाही. वाटेत एक वाकडा माड होता, तिथे थांबून पायातला काटा काढायचा. काटा नसला तरी काढायचा. तेवढ्यात मासेवालीला विचार करायला वेळ मिळतो. मग हाक येते. पहिली हाक ऐकूच गेलेली नसते. दुसऱ्या हाकेला वळायचं, आणि तेही वैतागून.

"पयल्या हाकेक वळता ता नुसता गिऱ्हाईक," सासूबाई मला शिकवायच्या. "दुसऱ्या हाकेक वळता ता शाणा गिऱ्हाईक."

एकदा मला एकटीला पाठवलं. मी भाव निम्मा सांगितला, शिव्या खाल्ल्या, "ऱ्हवांदे तर" म्हटलं, पाठ फिरवली. माडाजवळ काटा काढला. कोणी हाक मारली नाही. दुसरा पाय वर करून त्यातलाही काढला. तरी नाही. मागे बघायचं नाही हा नियम मी इतका मनावर घेतला होता, की चालत चालत थेट घरी पोचले. सासऱ्यांनी त्या दिवशी भात नुसत्या सोलकढीशी खाल्ला आणि काही बोलले नाहीत. ते तसेही बोलत नसत. तांडेलकीत सगळा आवाज समुद्रावर खर्च करून आले होते.

मासळीचं ठीक होतं, पाट्या दहा असत. खरी धांदल वाणसामानाची. गावात दुकानं दोन. एक बंदरावर, त्याचा माल मुंबईहून बोटीने यायचा. दुसरं वर तिठ्यावर, जिथे तीन रस्ते मिळतात तिथे, आणि त्याचा माल घाटावरून उतरायचा. मध्ये अर्ध्या कोसाची चढण. सासूबाई सकाळी बंदरावर जाऊन मिरचीचा भाव विचारायच्या, "तिठ्यार सवाय आसा," म्हणजे तिकडे स्वस्त आहे, असं सांगून पाठ फिरवायच्या. मग चढण चढून तिठ्यावर जायच्या आणि "बंदरार सवाय आसा," म्हणून तिथे पाठ फिरवायच्या. दोघे दुकानदार हाका मारून थकायचे. कधी मीठ इथलं आणि डाळ तिथली, कधी त्याच्या उलट. त्यांच्या पायपिटीत जो तेलाचा थेंब आणि जी डाळीची मूठ वाचायची त्यांच्यावर आमचा रविवार व्हायचा. ही गोष्ट मला फार उशिरा समजली. तेव्हा मला ते नुसतं वेड वाटायचं.

एका दिवशी मात्र कहर झाला. बांगडे साफ करून ठेवले होते, खोबरं किसून तयार होतं, आणि मिरची संपली. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता हाडतंय," आणि आणायला गेल्या. बंदरावरचा दुकानदार अडला. त्या तिठ्यावर गेल्या. तिठ्यावरचाही त्या दिवशी बायकोशी भांडून बसलेला, तोही अडला. त्या पुन्हा बंदरावर. मग पुन्हा तिठ्यावर. ऊन कललं. सासरे पान मांडून बसले होते ते बसूनच राहिले. पानावरची मिठाची चिमूट मुंग्या घेऊन गेल्या असत्या, पण मुंग्यांना मीठ आवडत नाही.

सासूबाई मिरची घेऊन, जिंकलेल्या तोंडाने आल्या, तेव्हा सासरे बोलले. महिन्याभराचं एकदम बोलले.

"एक दुकान ठरव गो! आणि तुका ठरवूक येणा नसात, तर जा, देवाक इचार!"

रागाने बोलले होते. आमच्याकडे माणूस चिडला की असंच म्हणतो. पण सासूबाई मिरची हातात धरून उभ्या राहिल्या, त्यांना ते पटलेलं दिसत होतं.

"इचारतंय," त्या म्हणाल्या.

आमच्या भागात देवाला विचारल्याशिवाय काही हलत नाही. म्हैस हरवली, मुलीचं स्थळ आलं, पेरणी कधी करायची, सगळ्याचा कौल घ्यायचा. गुरव अंघोळ करून येतो, पाषाणाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी आधी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. देव बोलत नाही, पण पाकळी टाकतो. पण मीठमिरची कुठून घ्यायची हे देवाला अजून कोणी विचारलं नव्हतं.

"दुकान?" गुरव म्हणाला. "गो, देव कधी दुकानात जाता काय?"

"जाणा नाय म्हणानच तो खरा सांगात," सासूबाई म्हणाल्या.

गुरव अंघोळ करून आला. त्याने पाकळ्या लावल्या. उजवी बंदराची, डावी तिठ्याची. मग डोळे मिटून सुरुवात केली, "बा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या घरात दोन दुकानांचो घोळ पडलो हा..."

"होय म्हाराजा," मी आणि सासरे म्हणालो.

"बंदरावरचो मीठ ओला करून देता, ता सांग," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "आणि तिठ्यावरचो वजन करताना अंगठो लावता."

"देवाक सगळा ठावक आसा."

"आसात. पण आठवण केलेली बरी."

मग त्यांना वाटलं, आपण देवाला इतका त्रास देतोय तर आपणही काहीतरी भरभक्कम द्यायला हवं. नारळ घरचा होता, पण तो विकला तर त्याची डाळ येते. म्हणून त्यांनी नारळाऐवजी शब्द दिला. हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "म्हाराजा, तू सांगशीत त्या दुकानाबाहेरचो एक कणसुद्धा माज्या घराचो उंबरठो वलांडूचो नाय!"

गुरवाने एक डोळा उघडला. "इतक्या कित्याक बोललंस?" तो हळूच म्हणाला. "आता वर्सभर ह्यो कौल फिरवूक येवचो नाय."

तेवढ्यात उजवी पाकळी पडली. बंदर.

जन्मभर ज्या बाईने कोणाला पहिल्या बोलीत पैसा जास्त दिला नाही, तिने देवाला पहिल्याच बोलीत सगळं देऊन टाकलं होतं. ही चूक सासूबाईंच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आली.

कारण गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. बंदरावरच्या दुकानदाराने दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. कपाळाला गंध लावून तो गादीवर बसला होता आणि येईल त्याला सांगत होता, "माजा दुकान देवान नेमलेला आसा." सासूबाईंनी डाळीचा भाव विचारला. त्याने सांगितला. त्यांनी निम्मा सांगितला. तो हसला. त्या म्हणाल्या, "ऱ्हवांदे तर," आणि पाठ फिरवली.

मी टोपली घेऊन तिथेच उभी होते, सगळं पाहिलं. त्या वाकड्या माडापर्यंत गेल्या. काटा काढला. दुकानदार पंख्याने वारा घेत होता. सासूबाईंनी काटा पुन्हा काढला. त्या दिवशी त्या पायातून जितके काटे निघाले तितके आमच्या सबंध कुंपणाला नव्हते. दुकानदाराने जांभई दिली. त्याला माहीत होतं, ही बाई दुसरीकडे जाऊच शकत नाही, देवाने बांधून ठेवलेली आहे.

सासूबाई वळल्या. हाक न येता वळल्या. तोंड खाली घालून आल्या आणि त्याने सांगितलेल्या भावाने डाळ घेतली. मला हसू यायला हवं होतं, कारण मी सूनच होते शेवटी. पण मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. गरिबाच्या हातात दुसरं काय असतं? श्रीमंत माणूस पैसे दाखवून माल घेतो. आम्ही पाठ दाखवून घेत होतो. आणि पाठ दाखवायची तर समोर दुसरं दुकान लागतं. नाहीतर नुसतंच चालणं होतं.

त्यानंतर आमच्या घराला घासलेटचा वास लागला. देवाने नेमलेला तो इसम ज्या हाताने घासलेट मापायचा त्याच हाताने बाकीचं सगळं द्यायचा. चहाला घासलेटचा वास, साखरेला घासलेटचा वास, पोह्यांना घासलेटचा आणि वर मांजराचा, कारण मांजर पोह्यांच्या पोत्यात झोपायचं. एका घासलेटला मात्र वास नव्हता. त्यात पाणी होतं.

आणि अशात मला दिवस गेले.

पाचव्या महिन्यात डोहाळे लागले. माझं माहेर आता वैभववाडी म्हणतात त्या अंगाला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. लहानपणी आठवड्याच्या बाजाराला बैलवाले बावड्याच्या घाटातून गुळाच्या ढेपा घेऊन उतरायचे. तो गूळ पिवळाधमक, कोरडा. फोडला की टच् असा आवाज यायचा. माझा बाप बाजारातून येताना पंच्यात त्याचा एक खडा बांधून आणायचा आणि गुपचूप माझ्या हातावर ठेवायचा, कारण भावंडं सात होती. मला तोच गूळ हवासा वाटायला लागला. आंबट नको, खारट नको, माती नको, मासा नको. सकाळी उठल्यापासून तोंडात तो गूळ आणि डोळ्यांत पाणी.

तो गूळ तिठ्यावरच्या दुकानात होता. खाडीकाठचं पाणी खारं, म्हणून वरच्या विहिरीवर जायची माझी वाट दुकानावरूनच होती. गोणपाटातून ढेपेचा पिवळा कोपरा बाहेर डोकावायचा आणि मी कळशी घेऊन मुद्दाम हळू चालायची.

सासूबाईंना मी सरळ बोलले नाही, पण त्यांना कळलं. आमच्यात म्हणतात, डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाचे कान फुटतात. त्या घाबरल्या. बंदरावरून गूळ घेऊन आल्या. तो काळा, मऊ, बोटीत भिजून खारट झालेला, आणि घासलेटचा. मी तोंडात धरला आणि परसात जाऊन ओकले. सासूबाईंनी तो गूळ पाण्याने धुतला. धुतल्यावर निम्मा झाला. उरलेला सुपात घालून उन्हात ठेवला, वास जाईल म्हणून. मुंग्या आल्या, गुळाभोवती एक फेरी मारली आणि रांगेने परत गेल्या.

"मुंगयेक पण नको," सासूबाई खिन्नपणे म्हणाल्या.

मग एका सकाळी विहिरीवर मला एकदम सुचलं. शब्द कसा दिला होता? घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. गुळाने उंबरठा ओलांडायचा नाही. मी तिठ्यावर उभी राहून खाल्ला तर? ओटी भरताना आईने पदराच्या गाठीत एक नाणं बांधून दिलं होतं. ते सोडलं, दुकानातून एक खडा घेतला आणि गडग्याच्या आडोशाला, कळशी बाजूला ठेवून खाल्ला. दातांखाली टच् वाजलं. मला माझा बाप दिसला, त्याचा पंचा दिसला, आणि मी पोटावर हात ठेवून त्या दगडांच्या भिंतीला टेकून ढसाढसा रडले. रडतानासुद्धा चघळत होते, हेही सांगायला हवं.

तोंड धुऊन, पदर सारखा करून, साळसूद चेहऱ्याने घरी आले. सासूबाई दारात भाजी निवडत होत्या. मी उंबरठ्यावर पाय ठेवणार इतक्यात त्यांनी नाक वर केलं. किनाऱ्याच्या या टोकाला बसून त्या टोकाचा शिळा बांगडा ओळखणारं ते नाक.

"थांब," त्या म्हणाल्या. हात आडवा घातला. "हा कर."

मी हा केलं.

"घासलेटाचो वास येणा नाय!" त्या किंचाळल्या. "गो, तिठ्यार खाल्लंस!"

"आये, माज्या हातात कायएक नाय," मी दोन्ही हात दाखवले.

"हातात नाय, पोटात आसा!"

हा मुद्दा मी हिशेबात धरला नव्हता. आम्ही दोघी पडवीकडे बघायला लागलो. सासऱ्यांनी जाळ्याची गाठ मारली, विचार केला आणि तांडेलाचा न्याय दिला, "माल वर फळीर आसो नायतर खाली पोटात आसो, गलबत बंदरात इला म्हणजे माल इलो."

झालं. मला गूळ जिरेपर्यंत घरात जायची बंदी झाली. सासूबाई रागावलेल्या नव्हत्या, खऱ्याच भ्यायलेल्या होत्या. त्यांनी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, मांडवाच्या सावलीला चटई घातली, पाठीला उशी दिली, तांब्या भरून ठेवला. मी आपली बसले. पाव घटका झाली की सासरे पडवीतून विचारायचे, "जिरलो काय गो?" मी म्हणायची, "नाय अजून." खरं काय सांगणार? गूळ जिरल्याचं माणसाला आतून कळतं का? वाटेवरून जाणारे दोघेचौघे थांबले, त्यांना सगळं सांगावं लागलं, मग तेही गडग्याला टेकून जिरायची वाट बघायला लागले. एकाने आलं खायला सुचवलं. दुसरा म्हणाला, उड्या मार. सासूबाई त्याच्या अंगावर केरसुणी घेऊन धावल्या.

शेजारच्या ख्रिस्ती मास्तरीणबाई दुपारी शाळेतून परतल्या. शिकलेल्या बाई, त्यांच्या शब्दाला वजन. सासूबाईंनी त्यांनाच विचारलं, "बाय, गूळ जिरूक किती येळ लागता?"

"दोन-तीन तासांत जिरता," बाई म्हणाल्या.

सासूबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे मगे गेलो?"

"जातलो खंय?" बाई हसल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, त्या मुलांना शिकवतात तसं समजावून सांगायला लागल्या. "जिरल्यार त्येचा रगत होता. आणि आता हिच्या रगतातलाच बाळाक जाता. म्हणजे गूळ बाळाक मेळता. बरा ता, बाळ धष्टपुष्ट होतला."

गडग्याला टेकलेली माणसं सरळ उभी राहिली. सासूबाई माझ्या पोटाकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं, जणू पाटीवर लिहिलं होतं. गूळ बाळात गेला. बाळ आता निम्मंशिम्मं तिठ्यावरच्या गुळाचं. आणि तिठ्यावरचा कण उंबरठा ओलांडायचा नाही. मग नातू घरात येणार कसा?

तुम्ही हसाल. मीही पुढे खूप हसले. पण त्या वेळी सासूबाई येऊन माझ्याजवळ चटईवर बसल्या. घरात पाच मुलं जन्मली होती आणि एकच जगलं होतं, तो माझा नवरा. देवाला दिलेला शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती, आणि नातवाला खळ्यात ठेवायचीही नव्हती.

थोड्या वेळाने उठून त्यांनी दोन वाडग्यांत पेज आणली. एक मला दिली, एक स्वतः घेतली. बाहेरच जेवल्या माझ्याबरोबर.

"कसो होतो गूळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमच्या घरासारखो," मी म्हटलं, आणि मला पुन्हा रडू फुटलं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "माका कच्चे काजू होये होते," त्या म्हणाल्या. "कोणी हाडूक नाय." एवढंच म्हणाल्या. वाडगे उचलले, घरातून एक नारळ घेतला आणि म्हणाल्या, "चल. देवळात."

सासरे गुडघे सांभाळत आमच्या मागून निघाले. गुरव जेवून पडला होता, त्याला उठवला.

"वर्सभर फिरवूक येवचो नाय असा सांगितलंय मां?" तो म्हणाला.

"तू पाकळी लाव," सासूबाई म्हणाल्या. "मी बोलतंय त्येच्याशी."

गुरवाने कुरकुरत पाकळी लावली, उजव्या अंगाला एकच. पडली तर शब्द सुटला, नाही पडली तर नाही. सासूबाई गाभाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. सरळ भावाला सुरुवात केली.

"म्हाराजा, अर्धो नारळ."

पाकळी हलली नाही.

"अर्धो नारळ आणि पाच केळी."

देव गप्प. गुरवाने कपाळाला हात लावला.

"बरा, अख्खो नारळ. पण केळी नाय."

पाकळी चिकटून. सासऱ्यांनी खोकून, "होय म्हाराजा," म्हटलं, मदत म्हणून. काही उपयोग झाला नाही. सासूबाई क्षणभर मूर्तीकडे बघत राहिल्या. मग शांतपणे नारळ पदरात बांधला.

"ऱ्हवांदे तर," त्या म्हणाल्या. आणि देवाकडे पाठ फिरवली.

गुरवाने दोन्ही कान धरले. देवळातून निघताना आपण सगळे दोन पावलं मागे सरकत निघतो. देवाला पाठ कोण दाखवतं? सासूबाई चालत होत्या, भरभर नाही, रेंगाळत नाही. मी खांबाला धरून उभी होते. त्या सभामंडपातून गेल्या. पायऱ्यांपाशी थांबल्या. वाकल्या. पायातला काटा काढायला लागल्या. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ थरथरत होती. किनाऱ्यावर मी ती कधी थरथरलेली पाहिली नव्हती.

काटा निघत राहिला.

आणि पाकळी पडली. उजवी. टप्पकन पाषाणावर पडली.

"गो बाये!" गुरव ओरडला. "परत ये! पडलो कौल, पडलो!"

सासूबाईंनी पहिली हाक ऐकली नाही.

"गो, देव बोलवता तुका!"

मग त्या वळल्या. वैतागून वळल्या, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. परत आल्या, अख्खा नारळ देवापुढे ठेवला आणि डोकं टेकवून बराच वेळ उठल्या नाहीत. सौदा ठरला की त्या शब्दाला पक्क्या असत. दुसऱ्या दिवशी पाच केळीही नेऊन दिली, ती हिशेबाबाहेरची.

देवळातून निघालो ते घरी न जाता थेट तिठ्यावर. सासरे वाटेत एका दगडावर टेकले, म्हणाले, तुम्ही जावा. कित्येक महिन्यांनी सासूबाई येताना बघून तिठ्यावरचा दुकानदार सरसावून बसला. अंगठा तयार, शिव्या तयार, हाका तयार.

"गूळ कसो?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने चांगला फुगवून भाव सांगितला, निम्म्याची वाट बघत.

सासूबाईंनी कनवटीचे पैसे काढले आणि त्याने सांगितले तेवढे त्याच्या पुढ्यात ठेवले.

दुकानदार पैशांकडे बघायला लागला, मग त्यांच्याकडे. "काय गो," तो घाबरून म्हणाला, "बरा आसा मां तुका?"

"तोल," सासूबाई म्हणाल्या.

त्याने तोलला. अंगठा लावायला विसरला. वर न मागता एक मोठा खडा घातला आणि तरीही त्याचं समाधान होईना, म्हणून आणखी एक घातला. सासूबाईंनी त्यातला एक उचलून गडग्यावर आपटून फोडला आणि तिथे भर रस्त्यात माझ्या तोंडात भरवला. दुसरा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला.

"ब्येस आसा," त्या म्हणाल्या. "पण महाग दिल्यान मेल्यान."